तीन फूट दहा इंच : ट्रेडमिलवरून पडलेल्या एका बाईंचा खटला आणि आपल्याकडचा कायदा

१६ जानेवारी २०११. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरात '२४ अवर फिटनेस' या कंपनीच्या जिममध्ये एक बाई चालू ट्रेडमिलवरून मागच्या मागे पडल्या. मागे मोकळी जमीन नव्हती. तिथे पायांच्या व्यायामाचं एक यंत्र ठेवलेलं होतं आणि त्याचा पोलादी पाया उघडाच होता. त्यावर डोकं आपटलं आणि डोक्याला गंभीर दुखापत झाली. ट्रेडमिल आणि ते यंत्र यांच्यामध्ये अंतर होतं साधारण तीन फूट दहा इंच.

नवराबायकोने मिळून दावा लावला. बाईंचा दावा दुखापतीबद्दल होता आणि नवऱ्याचा पत्नीच्या सहवासाला मुकल्याबद्दल. तिथला कायदा जोडीदाराला हा स्वतंत्र हक्क देतो. कंपनीने बचावासाठी एकच कागद पुढे केला. सभासद होताना बाईंनी सही केलेल्या करारात जबाबदारीमुक्तीचं कलम होतं : इथे दुखापत झाली तर कंपनीवर दावा करणार नाही, कंपनीच्या निष्काळजीपणामुळे झाली तरीही नाही. खालच्या कोर्टाने हे मान्य केलं आणि साक्षीपुराव्यापर्यंत न जाताच कंपनीच्या बाजूने निकाल दिला. २०१५ मध्ये अपील कोर्टाने तो रद्द करून खटला पुन्हा चालवायला परत पाठवला.

दूरदेशीचा हा खटला मी मुद्दाम सविस्तर मांडतो आहे, कारण आपल्याकडच्या जिमच्या फॉर्मवरही हेच कलम बारीक अक्षरात छापलेलं असतं. 'ॲट ओन रिस्क', 'मॅनेजमेंट जबाबदार राहणार नाही', वगैरे. जिममध्ये जायबंदी झालेली माणसं सल्ला घ्यायला येतात तेव्हा बहुतेकांच्या तोंडी पहिलं वाक्य असतं, 'पण मी सही केलीय ना, मग आता काय होणार?' या एका समजुतीपायी कितीतरी जण तक्रारच करत नाहीत. ही समजूत चुकीची आहे. का चुकीची आहे, हे या खटल्यातून फार स्पष्ट दिसतं.

सही कशी घेतली गेली

बाई अपघाताच्या सुमारे दोन वर्षं आधी सभासद झाल्या होत्या आणि आठवड्यातून अनेकदा नियमित येत होत्या. त्यांना इंग्रजी बोलता येत नव्हतं आणि वाचताही येत नव्हतं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सभासदत्व देणाऱ्या मॅनेजरला हे ठाऊक होतं. तरी त्याने स्पॅनिश जाणणाऱ्या कुणा सहकाऱ्याला हाक मारली नाही. हातांनी व्यायामाचे हावभाव केले आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर २४.९९ डॉलर हा आकडा दाखवला. महिन्याला एवढे भरायचे आणि व्यायाम करायचा, असं बाई समजल्या. जबाबदारीमुक्तीच्या कलमाकडे त्याने बोटही दाखवलं नाही. बाईंनी सही केली.

सज्ञान माणसाने सही केली की तो कराराने बांधला जातो, हा नियम तिथेही आहे. भाषा येत नव्हती एवढ्याने सुटका होत नाही; कुणाकडून तरी वाचून घ्यायचं होतं, असं कोर्ट म्हणतं. पण समोरच्यानेच दिशाभूल केली असेल तर गोष्ट बदलते. ग्राहकाला वाचता येत नाही हे माहीत असताना फक्त फी आणि व्यायाम एवढंच खुणांनी सांगितलं आणि हक्क सोडून देण्याचा भाग झाकून ठेवला, तर ज्युरी याला फसवणूक म्हणू शकेल, तेव्हा हा प्रश्न ज्युरीसमोर गेलाच पाहिजे, असं अपील कोर्टाने ठरवलं.

सहा फूट कुठून आले

खटल्यातला अधिक महत्त्वाचा मुद्दा मात्र माझ्या मते दुसराच आहे. ट्रेडमिल बनवणाऱ्या कंपनीने तिच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की फिरत्या पट्ट्याच्या थेट मागे किमान तीन फूट रुंद आणि सहा फूट खोल जागा वापरणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी मोकळी ठेवावी, तिथे दुसरी उपकरणं नसावीत. यंत्र जोडण्याच्या माहितीपत्रकातही मागच्या सहा फुटांचा उल्लेख होता. म्हणजे जिमवाल्याला अंदाज बांधायचा नव्हता, नवं संशोधनही करायचं नव्हतं. यंत्राबरोबर आलेला कागद वाचायचा होता.

सहा फूटच का, हे समजून घेण्यासारखं आहे. चालू पट्ट्यावर तोल गेला की पट्टा पावलांना मागे ओढत नेतो. साडेपाच फुटांचा माणूस पट्ट्याच्या मागच्या टोकावरून उताणा पडला, तर त्याचं डोकं त्या टोकापासून पाच फुटांच्या आसपास जमिनीला टेकतं. सहा फूट मोकळे असतील तर डोकं रबरी मॅटवर पडेल. मार लागेल, पण वेगळा. चार फुटांच्या आतच पोलादी पाया असेल, तर डोकं जमिनीपर्यंत पोचतच नाही. सव्वादोन फुटांची ही तूट कागदावर किरकोळ दिसते, पण ती नेमकी डोक्याच्या जागी पडते.

जागा का सोडली जात नाही, हे उघड आहे. भाडं चौरस फुटावर असतं आणि त्या सहा फुटांत यंत्रांची आणखी एक रांग बसते. आपल्याकडच्या पहिल्या मजल्यावरच्या जिम आठवून पाहा : ट्रेडमिलची तोंडं रस्त्याकडच्या काचेकडे, आणि मागे कधी बेंच, कधी डंबेलचा रॅक, कधी सरळ भिंत. बाहेरून दिसायला छान असावं म्हणून केलेली ही मांडणी असते. पडणाऱ्याचा विचार तिच्यात नसतो.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये 'सिटी ऑफ सांता बार्बरा' खटल्यात एक तत्त्व पक्कं केलं होतं. नगरपालिकेच्या उन्हाळी शिबिरात एक दिव्यांग मुलगी पोहण्याच्या तलावात बुडून गेली होती आणि आईने आधीच हक्क सोडल्याचा फॉर्म भरून दिलेला होता. न्यायालय म्हणालं, साध्या निष्काळजीपणापुरता असा फॉर्म चालेल, पण घोर निष्काळजीपणापासून कुणालाही आगाऊ सूट विकत घेता येणार नाही. घोर म्हणजे किमान काळजीही न घेणं, किंवा सर्वसाधारण रीतीपासून टोकाचं दूर जाणं. सॅक्रामेंटोच्या बाईंनी तज्ज्ञांच्या शपथपत्रांवरून दाखवलं की मागे सहा फूट सोडणं हा व्यवसायातला स्वीकारलेला मानदंड आहे. ठाऊक असलेला मानदंड मोडून यंत्र तिथे ठेवलं असेल, तर तो घोर निष्काळजीपणा ठरू शकतो, असं अपील कोर्टाने म्हटलं. व्यायामात धोका असतो हे तिथली कोर्टं नाकारत नाहीत. धावताना घसरणं हा व्यायामाचा धोका. घसरल्यावर डोक्याखाली पोलाद असणं हा जिमने वाढवलेला धोका.

या निकालाने बाईंना पैसे मिळाले नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. मिळाला तो आपला दावा ज्युरीपुढे मांडायचा हक्क, जो एका सहीने हिरावला गेला होता.

हाच अपघात पुण्यात झाला असता तर

आपल्याकडे अशा दुखापतीसाठी मुख्य रस्ता ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा आहे. पैसे भरून जिमची सेवा घेणारा ग्राहक असतो. कलम २(११) मधली 'त्रुटी'ची व्याख्या या प्रकरणाला अगदी चपखल बसते : सेवा देणाऱ्याच्या निष्काळजीपणाच्या किंवा कर्तव्य टाळण्याच्या ज्या कृतीमुळे ग्राहकाला नुकसान अथवा इजा होते ती त्रुटी, आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा त्रुटी. निष्काळजीपणा साधा होता की घोर, हा कॅलिफोर्नियातला उंबरठा इथे ओलांडावा लागत नाही. तो झाला आणि त्यातून इजा झाली, एवढं सिद्ध करायचं. सॅक्रामेंटोच्या बाईंपेक्षा पुण्यातल्या ग्राहकाची सुरुवात इथे सोपी आहे.

मग सहीचं काय? २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात याचं उत्तर दिलेलं आहे. दिल्लीत १९९८ साली हॉटेलच्या ताब्यात पार्किंगसाठी दिलेली मारुती झेन चोरीला गेली. पार्किंगच्या टॅगवर 'गाडी पाहुण्याच्या स्वतःच्या जोखमीवर' असं छापलेलं होतं. न्यायालयाने सांगितलं की स्वतःच्या किंवा आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला अशा छापील ओळीने झटकता येणार नाही. जिथे गाडीच्या बाबतीत हे मान्य झालं, तिथे माणसाच्या डोक्याच्या बाबतीत ते अधिक जोरकसपणे मांडता येतं. त्याच वर्षी 'पायोनियर अर्बन' प्रकरणात फ्लॅट खरेदीच्या एकतर्फी करारातल्या अटी ग्राहकावर लादता येणार नाहीत, असंही न्यायालयाने म्हटलं. शिवाय नव्या कायद्यात 'अनुचित करार' ही स्वतंत्र संकल्पना आली आहे. फक्त एक खाच लक्षात ठेवा : करारच अनुचित ठरवून मागायचा असेल तर तक्रार राज्य ग्राहक आयोगाकडे न्यावी लागते, जिल्हा ग्राहक आयोगाला तो अधिकार नाही. म्हणून मी सुचवेन की तक्रारीचा पाया सेवेतल्या त्रुटीचा ठेवा. फॉर्ममधलं कलम हा जिमचा बचाव आहे, त्याला उत्तर म्हणून ताजमहालचा निकाल दाखवा, आणि जिल्हा आयोगातच राहा.

फसवणुकीच्या मुद्द्याबद्दल तर माझा सल्ला कॅलिफोर्नियाच्या अगदी उलट आहे. ग्राहक आयोगाची कार्यपद्धती संक्षिप्त असते. साक्षी-उलटतपासणी तिथे क्वचित होते. फसवणुकीसारख्या गंभीर वादग्रस्त तथ्यांचे प्रश्न आयोगाने ठरवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्येही बजावलं आहे. तेव्हा 'मला फसवून सही घेतली' असं तक्रारीच्या पहिल्या परिच्छेदात लिहिलं, तर सामनेवाल्यांचे, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांचे, वकील लगेच 'दिवाणी कोर्टात जा' म्हणतील. फॉर्म इंग्रजीत होता, मराठीत कुणी समजावला नाही, हे जरूर लिहा, पण माहिती दडवल्याची त्रुटी म्हणून. फसवणूक म्हणून नको.

आता आयोग कुठला आणि खर्च किती. अधिकारक्षेत्र मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, सेवेसाठी भरलेल्या रकमेवर ठरतं. ५० लाखांपर्यंत मोबदला भरला असेल तर जिल्हा आयोग. जिमची वर्षाची फी २० हजार असली आणि भरपाई ४० लाख मागायची असली तरी तक्रार जिल्हा आयोगातच जाते, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते. 'सर्व वाद मुंबई न्यायालयाच्या अखत्यारीत' ही फॉर्मवरची ओळ तुम्हाला मुंबईला नेऊ शकत नाही. मुदत दोन वर्षांची. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण त्या भरवशावर राहू नका. वाद कोर्टाबाहेर लवादाकडेच न्यायचा, असं कलम फॉर्ममध्ये असलं तरी आयोगाचं दार बंद होत नाही.

सामनेवाले कोण करायचे, हा दिसतो तेवढा सोपा प्रश्न नाही. मोठ्या नावाच्या जिम बऱ्याचदा फ्रँचायझीवर चालतात : पाटी एकाची, पावती दुसऱ्याची, जागा तिसऱ्याची. पावतीवर ज्याचं नाव आणि जीएसटी क्रमांक आहे तो तर हवाच, पाटीवालाही हवा. ट्रेडमिलच्या उत्पादकाला गोवायचं का? पट्टा मध्येच झटका देऊन थांबला किंवा आपोआप वेग वाढला असेल, तर उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे सदोष वस्तूबद्दलच्या जबाबदारीच्या, तरतुदींखाली नक्की गोवा. पण सॅक्रामेंटोसारखी घटना असेल तर मॅन्युअलमधली ती सहा फुटांची सूचनाच उत्पादकाला सोडवते आणि जिमला अडकवते.

पुरावा

या खटल्याचा सगळा भार एका मोजमापावर होता, आणि आपल्याकडे नेमकं तेच हरवतं. अपघातानंतर आठवड्याभरात यंत्रं सरकवली जातात, मग जिमवाले सांगतात, 'अंतर पहिल्यापासून एवढंच आहे.' म्हणून घरच्या कुणीतरी किंवा सोबतच्या सभासदाने लगेच, शक्य तर त्याच दिवशी, जागेवर जाऊन मोजपट्टी लावून फोटो काढावेत : पट्ट्याचं मागचं टोक आणि मागची वस्तू एकाच चौकटीत, पट्टीवरचे आकडे वाचता येतील असे. यंत्राच्या पाटीवरचा मॉडेल क्रमांक टिपावा. त्या क्रमांकावरून मॅन्युअल बहुधा उत्पादकाच्या संकेतस्थळावर मिळतं, आणि 'क्लिअरन्स'चं पान हा तुमचा सर्वात मोठा साक्षीदार. सीसीटीव्हीचं चित्रण फार काळ राहत नाही, त्याच्यावर नवं चढत जातं. तेव्हा ते जपून ठेवा अशी लेखी मागणी ईमेलवर आणि स्पीड पोस्टाने ताबडतोब करावी. नंतर जिमने 'फुटेज नाही' म्हटलं, तरी मागणी होऊनही जपलं नाही हे आयोगापुढे बोलतं.

दवाखान्यातला केस पेपर तर अनेकांची केस तिथल्या तिथे बुडवतो. कॅज्युअल्टीत घाई असते. सोबतचा माणूस म्हणतो 'पडल्या', आणि डॉक्टर 'घरी पाय घसरून पडणे' असं काहीतरी लिहून मोकळे होतात. दोन वर्षांनी तोच कागद सामनेवाले हातात घेतात. त्यामुळे पहिल्याच नोंदीत 'अमुक जिममध्ये ट्रेडमिलवरून पडून मागच्या यंत्रावर डोकं आपटलं' असं लिहून घ्या आणि वाचून पाहा. मेडिक्लेमवाले काय म्हणतील या भीतीने घटना बदलून सांगू नका. मेडिक्लेमचे पैसे मिळाले तरी जिमकडून भरपाई मागण्याचा हक्क जात नाही.

आपली बाजूही तपासून घ्या. धावताना मोबाइल पाहत होता का, कपड्याला अडकवायची सुरक्षा दोरी लावली होती का, असं विचारलं जाणारच. त्यात तथ्य असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी होऊ शकते, तक्रार मात्र बाद होत नाही. दोरीच तुटलेली होती किंवा ती वापरायला कुणी शिकवलंच नव्हतं, तर तेही जिमच्याच खात्यात जातं.

भरपाई मोजायची कशी

'मानसिक त्रासापोटी ५ लाख' असा गोल आकडा लिहून चालत नाही. त्रासाचे हजारो रुपये मंजूर होतात आणि खरं नुकसान मागायचं राहून जातं. मोजणीची चांगली चौकट मोटार अपघाताच्या कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' या निकालात दुखापतीची खाती वेगळी केली : उपचार, औषधं, प्रवास, सकस आहार, उपचाराच्या काळातली बुडालेली कमाई, कायमच्या अपंगत्वामुळे पुढे बुडणारी कमाई, पुढचे उपचार, आणि वेदना व आयुष्यातल्या सुखांना मुकणं. त्यातलं एक उदाहरण प्रत्येक तक्रारदाराने लक्षात ठेवावं. डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुतार जवळपास पूर्णच कामातून जातो, पण सरकारी नोकरीत कायम असलेल्या कारकुनाची कमाई तशीच राहू शकते. अपंगत्व प्रमाणपत्रावरची टक्केवारी म्हणजे कमाईतली घट नव्हे. तुमच्या कामावर नेमका काय परिणाम झाला, हे वेगळ्या शपथपत्रात सांगावं लागतं.

हिशेब करून दाखवतो. समजा जखमी बाई ३४ वर्षांच्या, महिना ३० हजार कमावणाऱ्या, आणि डोक्याच्या मारामुळे कमाईची क्षमता ४० टक्क्यांनी घटली. वर्षाची कमाई ३ लाख ६० हजार, त्याचे ४० टक्के म्हणजे १ लाख ४४ हजार. ही वर्षाची तूट वयानुसार ज्या आकड्याने गुणायची तो गुणक; मोटार अपघाताच्या 'सरला वर्मा' निकालात ३१ ते ३५ वयासाठी तो १६ आहे. गुणाकार होतो २३ लाख ४ हजार. त्यावर दवाखान्याची बिलं, सुट्टीतला बुडालेला पगार, पुढची फिजिओथेरपी आणि वेदनांची रक्कम. ग्राहक आयोगावर हा गुणक बंधनकारक नाही. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या २०१३ च्या गाजलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुणकाला चिकटून राहायला नकार दिला होता. तरीही आकड्यामागे हिशेब दिसला की आयोग तो हिशेब तपासतो. नुसता आकडा दिसला की तो छाटतो.

घरी बसून काळजी घेणाऱ्या नवऱ्याचा, आईचा किंवा बहिणीचा वेळही मागा. तिथल्यासारखा सहवासाचा स्वतंत्र दावा इथे सहज मिळेल असं नाही, पण शुश्रूषेचा खर्च हे मान्य खातं आहे, आणि घरच्यांनी केली म्हणून ती फुकट ठरत नाही.

पोलिसांकडे जायचं का? हाड मोडलं असेल किंवा पंधरा दिवस नेहमीची कामं करता आली नसतील, तर ती कायद्याने 'जबर दुखापत' आहे, आणि दुसऱ्याच्या जिवाची पर्वा न करता केलेल्या हयगयीमुळे ती झाली असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यातून तुम्हाला भरपाई मिळणार नाही, पण घटनास्थळाचा पंचनामा होतो, अंतर सरकारी कागदावर येतं. गंभीर दुखापतीत एवढ्यासाठी तरी मी ठाण्यात जायला सांगतो.

तक्रार दाखल झाली की सामनेवाल्यांना कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस असतात, फार तर आणखी १५ मिळतात. २०२० च्या घटनापीठाच्या निकालानंतर ४५ व्या दिवसापुढे एक दिवसही नाही. तारखा तुम्हीच मोजा. निकाल बाजूने लागला आणि जिमला अपिलात जायचं असेल, तर आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश पाळलाच नाही तर अंमलबजावणीचा अर्ज करता येतो, आणि कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे. अपील नाही, स्थगिती नाही, पैसेही नाहीत, अशी स्थिती आली की हा अर्ज देण्यात दिरंगाई करू नका.